उमापूर नावाचा परदेश

पुणे, रविवार, २३ नोव्हेंबर १९१३

दातारचे 'जपानचे रंग' हे मॅजिक लँटर्नवरचे लेक्चर पाहिले. तिसरा खेळ, तरी हॉल भरलेला. मला खांबामागे जागा. पडद्यावर जपानी बायका, छत्र्या, पूल, पुन्हा छत्र्या. लोक टाळ्या वाजवत होते. दातारचा फोकस कच्चा आहे हे खांबामागूनसुद्धा दिसत होते. शेवटी त्याला हार घातला. फुले शिळी होती.

घरी येताना निश्चय केला. आपणही परदेशी जायचे, फोटो काढायचे, त्यांवर हाताने रंग चढवायचे आणि लेक्चर द्यायचे. हिला सांगितले. हिने विचारले, कोणता देश? म्हटले, उद्यापर्यंत ठरेल.

२४ नोव्हेंबर

जपान: बोट. मला टांगासुद्धा लागतो. सिलोन: पुन्हा बोट. काबूल: बोट नाही, पण काबूल.

दुपारी नकाशा पाहता पाहता डोक्यात एकदम उजेड पडला. मोगलाई! नगरपर्यंत आगगाडी, पुढे गाडीरस्ता, की आलाच निजामाचा मुलूख. राजा वेगळा, नाणे वेगळे, टपालाचे तिकीट वेगळे, दरबारची भाषा वेगळी. परदेश म्हणजे आणखी काय असते? हे आजवर कुणालाच सुचू नये याचे नवल वाटले नाही. अशा गोष्टी सुचायला नजर लागते.

शेवगावच्या पलीकडे सरहद्दीला लागून उमापूर म्हणून गाव दिसते. तेच नक्की केले. ही म्हणाली, शेवगावला माझी मावशी दिली आहे, ती उमापूरच्या बाजाराला नेहमी जाते. जाणे वेगळे आणि पाहणे वेगळे, हे हिला समजावून सांगितले. समजले नसावे.

२६ नोव्हेंबर

सासऱ्यांशी बोलणे झाले. त्यांचे तपकिरीचे दुकान. मी त्यात बसावे हा त्यांचा चार वर्षांचा हट्ट. शेवटी अट घातली: १ फेब्रुवारीला लेक्चर. गाजले तर दुकानाची माडी मला स्टुडिओला. पडले तर दुसऱ्या दिवसापासून मी गल्ल्यावर. ताबडतोब कबूल झालो. पडण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय तपकिरीने मला शिंका येतात. देवानेच मला त्या धंद्यासाठी घडवलेले नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठायचे. दोन डझन प्लेटींपैकी एकही वाया घालवायची नाही. तिकडची भाषा आत्मसात करायची. लोकांच्या भानगडीत पडायचे नाही. आर्टिस्टने फक्त पाहायचे.

शेवगाव, ५ डिसेंबर, सकाळी साडेनऊ

आत्ताच उठलो. पाचचा संकल्प सरहद्द ओलांडल्यानंतर लागू होतो.

मावससासूबाईंनी आग्रह करकरून जेवू घातले आणि तीन वेळा विचारले, उमापुरात बघण्यासारखे आहे तरी काय? घरोघरी मातीच्या चुली. मी नुसता हसलो. आसाराम नावाचा गाडीवान ठरवला आहे. मूळचा उमापूरचाच. फार बोलतो.

६ डिसेंबर, दुपारी

सरहद्द ओलांडली! अंगावर काटा आला. दोन्ही बाजूंना बाभळी सारख्याच, पण इकडच्या बाभळींत काहीतरी परकेपणा आहे.

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर सामान उघडून दाखवावे लागले. कॅमेरा, तीन पायांचा स्टँड, अंतर मोजायची फीत, माणसाने उभे कुठे राहायचे त्या जागी ठोकायच्या खुंट्या, आणि त्याने पाहायचे कुठे त्यासाठी काठीला बांधलेले तांबडे फडके. दातार हे सगळे अंदाजाने करतो. माझी पद्धत शास्त्रीय. कारकुनाने एकेक वस्तू उचलून पाहिली आणि हळूच विचारले, काय मोजायला आला आहात? मी म्हणालो, प्रकाश. तो उठून उभाच राहिला. लगेच एका माणसाला उमापूरकडे पिटाळले. बहुधा स्वागताच्या तयारीसाठी.

पावतीवर उर्दूत तारीख. कारकुनाने वाचून दाखवली: महिना बहमन, साल फसली १३२३. म्हणजे एका बैलगाडीच्या टप्प्यात मी पाचशे नव्वद वर्षे मागे आलो! हे वाक्य लेक्चरच्या सुरुवातीला घ्यायचे.

उमापूर, ६ डिसेंबर, संध्याकाळ

वेशीबाहेर पाटील आणि दहा-बारा माणसे हात जोडून उभी. पाटलाचे नाव बद्रीनाथ. मी सरळ सांगितले: मी फोटोग्राफर, पुण्याहून आलो, फोटो काढणार आणि जाणार. पाटील बाकीच्यांकडे पाहून हसला आणि म्हणाला, "व्हय व्हय, फोटूवाले. मागल्या खेपंला बैलं घ्यायला आलते, आवंदा फोटू." अर्थ लागला नाही. स्थानिक विनोद असावा.

चावडीत उतरलो. भाषेचा अभ्यास सुरू. 'कावून' म्हणजे का. 'लई' म्हणजे फार. 'न्हाई' म्हणजे नाही. एका संध्याकाळी एवढे म्हणजे पंधरा दिवसांत मी दुभाष्याचे काम करीन.

७ डिसेंबर

पाचला उठलो नाही. हवापाणी बदलले की पहिल्या दिवशी शरीरावर जबरदस्ती करू नये.

पाटलाला माझ्या गरजा स्पष्ट सांगितल्या. मला तुमच्या देशाचे रंग हवेत. उत्तमातली उत्तम जमीन, भरलेल्या विहिरी, शिंगे रंगवलेले बैल, आणि बायामाणसे दागिने घालून. प्रत्येकाचे नाव आणि शेताचा ठावठिकाणा मी वहीत लिहून घेईन, कारण पुढे लेक्चरला लागेल. बोलता बोलता पाटलाचा चेहरा उतरत गेला. म्हणाला, "समदं दावतो, सरकार. जे हाय ते दावतो." इकडे सगळ्यांनाच सरकार म्हणतात वाटते.

८ डिसेंबर

निराशा. लाल पागोटी नाहीत, नथी नाहीत, बैल नाहीत. सगळे गाव फाटक्या कपड्यांत. धुळाजी नावाच्या एका तगड्या माणसाने तर धोतराला बाहेरूनही ठिगळ लावले होते आणि आतूनही. परवा वेशीवर हाच जरीकाठी उपरणे घालून उभा होता असे वाटत होते, पण परदेशात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात.

उत्तम जमीन म्हणून जी दाखवली ती नुसता मुरमाड माळ. मी फीत लावली, खुंट्या ठोकल्या, तांबडे फडके रोवले. लोक श्वास रोखून पाहत होते. विज्ञानाचा असा परिणाम होतो. विहीर कुठे आहे म्हणून विचारले तर काट्यांचा एक ढीग दाखवून म्हणाले, कोरडी हाय. ढिगाखालून बेडूक ओरडत होता. त्यालाही पाण्याची आशा असावी.

बैलांचे काय, विचारले. पाटील म्हणाला, "मेले, सरकार. समदे मेले. रोग लई वंगाळ." आणि डोळे पुसले. मीही गहिवरलो. चार प्लेटी माळावरच खर्च केल्या.

पहाटे दूरवर कुरकुर असा आर्त आवाज येतो. कोरड्या मुलखाचे रडगाणे. लेक्चरला घ्यायचे. आसाराम म्हणतो, ती मोट आहे. आसारामला काव्य नाही.

९ डिसेंबर

आसारामने आज एक मजेदार गोष्ट सांगितली. फेरमोजणीची हूल उठली आहे. मोजणी झाली की जमिनीचा सारा वाढतो. मागच्या वेळी अमीन, म्हणजे मोजणीचा अंमलदार, बैलांचा व्यापारी बनून आला होता. गावाने मोठ्या फुशारकीने त्याला बैल, विहिरी, उभी पिके दाखवली आणि सारा वाढवून घेतला. त्यामुळे या खेपेला गाव सावध आहे. चांगले कपडे कणगीत, दागिने जमिनीत, बैल सरहद्दीपलीकडे सोयऱ्याधायऱ्यांच्या गोठ्यात. आणि म्हणाला, "तुमी अमीन हायती असं समदं गाव म्हनतंय. फीत काय, खुंट्या काय, वही काय. तुमी लाख म्हना फोटूवाले."

मी पोट धरून हसलो. मी आणि अमीन! उद्या सकाळीच पाटलाकडे जाऊन खुलासा करायचा.

१० डिसेंबर

खुलाशाला निघालो, तो वाटेत पाटलाचा माणूस तुपाचा गडू घेऊन समोर. हातात तूप घेऊन खुलासा करणे बरे दिसेना. उद्या.

तूप उत्तम. बैल मेले पण म्हशी वाचल्या असाव्यात.

११ डिसेंबर

आज गुळाची ढेप आणि दोन कोंबडे. खुलाशाचा नीट विचार केला. एक: मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितले आहे. दुसऱ्यांदा सांगणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान. दोन: लोकांच्या भानगडीत पडायचे नाही असा माझा संकल्प आहे, आणि सारा, मोजणी वगैरे निव्वळ भानगड. तीन: उद्या फोटोग्राफर ठरलो तर माणसे स्टँडसमोर उभी राहतील का? कुणी विचारले तर खरे सांगायचे. अजून तरी कुणी विचारलेले नाही.

एकवीस प्लेटी संपल्या. सगळ्यांवर माळ आणि ठिगळे. रंग म्हणून नाही. रात्री दातारच्या छत्र्या डोळ्यांसमोर येतात.

१२ डिसेंबर, दुपारी ४

सापडले! ज्यासाठी आलो ते सापडले.

सकाळपासून एक म्हातारी चावडीच्या दाराशी बसून होती. केसरबाई. नवरा प्लेगात गेला, मूलबाळ नाही, ओढ्याकाठी एक शेत. म्हणाली, "समद्यांची रानं बघितली, सरकार, माझं कावून न्हाई?"

गेलो. खांद्याएवढी हिरवीगार ज्वारी! गावात एवढी एकच बाई जिने काही लपवले नव्हते. अंगावर नवे हिरवे लुगडे, नाकात नथ. मी विचारले, तुम्ही का नाही लपवलेत? म्हणाली, "पिकलंय त्ये पिकलंय. न्हाई कशाला म्हनू? सारा वाढला तर वाढू द्या. माझं हाय तेवढं माझ्या नावानं लिवा, बास."

तिच्या आणि पाटलाच्या शेतांच्या मध्ये लिंबाखाली हद्दीचा दगड. तिने त्याला चुना फासून पांढराशुभ्र ठेवला आहे. पाटलाचा नांगर वर्षाला हात-दोन हात आत येतो म्हणे. आता त्याचा डोळा दगडावर. "दगुड हालला की ओढ्याकडचं समदं गेलं. पानी गेलं, रान गेलं, मंग म्या कुठं जाऊ?"

तिला ज्वारीत उभे करायचे होते, पण बाई दगड सोडायला तयार नाही. त्याच्यावर हात ठेवून उभी. शेवटी तसेच घेतले. पण चेहरा सारखा चिंतेचा. चिंता तर एकवीस प्लेटींवर आहेच. मला उजळलेला चेहरा हवा होता. म्हणून मी सांगितले, बाई, काचेवर एकदा उमटले की कायमचे. पाटीलच काय, तुमच्या सरकारलाही ते जागचे हलवता येणार नाही.

आणि काय सांगू! त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जो उजेड पडला! त्याच क्षणी भिंगावरचे झाकण काढले. असा भाव दातारला जन्मात मिळायचा नाही.

मी अमीन नाही हे तिला सांगावे असे एकदा मनात आले होते. पण एक्स्पोजर दोन सेकंदांचे. बाई हलली असती तर?

तिने विचारले, लिवलं का? तिच्यासमोर वहीत लिहिले: केसरबाई, प्लेट नंबर बावीस. तिला वाचता येत नाही. अक्षरांवरून बोट फिरवून पाहिले.

१३ डिसेंबर

पाटील आला. इकडचे-तिकडचे बोलून म्हणाला, ती केसरबाई डोक्यानं जरा हलल्याली हाय, तिच्या दगडाचं लई मनावर घेऊ नका. मी त्या वेळी प्लेट नंबर बावीसच्याच विचारात होतो. चेहरा अप्रतिम, पण तो पांढराफटक दगड नजर खेचून घेतो. म्हणून प्रामाणिकपणे म्हणालो, दगड मलाही खटकतो आहे. तिथे तो शोभत नाही. मी तो काढून टाकणार आहे.

पाटील जवळ सरकला. मग म्हणाला, नक्की? मी म्हणालो, नक्की. त्याने माझे पायच धरले. खेड्यातल्या माणसाला कंपोझिशनची एवढी जाण असेल असे वाटले नव्हते.

संध्याकाळी निरोपाची पार्टी. हुरडा, दही, चटणी, वर बोकडाचे मटण. काही पिकले नाही म्हणतात, मग हुरडा कुठून आला देव जाणे. इतका गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नाही. तुपाचा एक डबाही दिला. निघताना खुलासा करणार होतो, पण तोंडात हुरडा होता.

शेवगाव, १४ डिसेंबर

परत स्वदेशी. मावससासूबाईंच्या गोठ्यात पाहतो तो काय, सहा बैल! उंचेपुरे, पांढरेधोट, शिंगे रंगवलेली. एवढीशी सरहद्द, पण केवढा फरक! शेवटच्या दोन प्लेटी त्यांच्यावर. लेक्चरला तुलनेसाठी उपयोगी. मावससासूबाई म्हणाल्या, पाहुणे आहेत, आठ दिवसांत जातील. त्या बैलांनाही पाहुणे म्हणतात. स्वभाव विनोदी.

पुणे, ९ जानेवारी १९१४

प्लेटी धुतल्या. तीन वाया गेल्या. दोनांवर माझेच बोट, एकीवर नुसते आकाश. बाकी एकवीस. संकल्पापासून फार दूर नाही.

रंगकामाला सुरुवात. धुळाजीच्या ठिगळांवर जांभळा शालू चढवला. पाटलाला भगवे पागोटे. माळावर नारळाची झाडे काढली. उमापुरात नारळ नाहीत, पण नुसत्या मुरमाला परदेश कोण म्हणेल?

प्लेट नंबर बावीस आधी चाकूने साफ केली. पांढरी वस्तू काचेवर काळी उमटते, त्यामुळे दगडाचा मोठा काळा ठिपका झाला होता. मूळ काचेवरच खरवडून काढला. हात जरा जास्तच चालला, काच आरपार दिसायला लागली. पण हरकत नाही, चित्रात त्या जागी मोर काढला. पिसारा फुलवलेला. केसरबाईचा हात मोराच्या पाठीवर. काय दिसते आहे! ही म्हणाली, दगड राहू द्यायचा होता, बाईने किती मायेने हात ठेवला होता. हिला कंपोझिशन कळत नाही. पाटलाला कळते.

२२ जानेवारी

मावससासूबाईंचे पत्र. मी निघालो त्याच्या तिसऱ्या दिवशी पाटलाने केसरबाईचा दगड उपटून ओढ्याच्या अलीकडे, तिच्या शेतात आणून पुरला. अमीनसाहेबांनीच काढायला सांगितला म्हणतो. केसरबाई दर बाजाराला शेवगावी येऊन विचारते, पुण्याच्या साहेबांचा कागद आला का. खरा अमीन शिमग्याच्या सुमाराला येणार आहे.

वाईट वाटले. पण दगड चित्रातून काढणार असे माझे म्हणणे होते, जमिनीतून नव्हे. पाटलाने विचारायला हवे होते. (विचारले होते. पण नीट विचारायला हवे होते.) लेक्चर झाल्यावर सविस्तर पत्र लिहायचे. सध्या हात रंगाचे आहेत.

पत्रात लेक्चरला शुभेच्छा म्हणून एक शब्द नाही.

१ फेब्रुवारी, लेक्चरनंतर

लोक आले होते. पहिल्या रांगेत सासरे, तिसऱ्या रांगेत दातार.

पाचशे नव्वद वर्षे मागे गेलो, हे वाक्य टाकले. मागून कुणीतरी विचारले, येताना भरून मिळाली का? मी लक्ष दिले नाही. नारळाच्या झाडांवर एका गृहस्थांनी विचारले, बीड जिल्ह्याला समुद्र कधी लागला? मग शेवगावचे बैल दाखवून म्हणालो, पाहा, परदेशात रोगाने एक बैल उरला नाही आणि सरहद्दीच्या अलीकडे आपली ही संपत्ती. तेवढ्यात एक मुंडासेवाला उठून उभा राहिला. तो शेवगावचा. म्हणाला, "अवो, ही तर उमापूरच्या बद्रीनाथ पाटलाची बैलं! अमीन आला म्हनून आमच्या गावात लपवली व्हती. त्यो अमीन तुमीच व्हय?"

हॉल हसत सुटला. कंदीलवाला माणूसही हसत होता, त्यामुळे पुढची चित्रे हलत होती. दातार हसला नाही. त्याने येऊन पाठीवर हात ठेवला. ते जास्त लागले.

परंतु मोराच्या चित्राला टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. हे कुणी नाकारू शकत नाही.

२ फेब्रुवारी

तपकिरीच्या दुकानात गेलो. तात्पुरता. सतरा शिंका.

१५ फेब्रुवारी

मोराचे चित्र मोठे करून, चौकट लावून दुकानात टांगले. गिऱ्हाइके थांबून पाहतात. एकाने विचारले, मोरछाप तपकीर नवी निघाली का? सासरे विचारात पडले आहेत. केसरबाईला पत्र लिहायचे राहिले. उद्या.

रविवार, ८ मार्च

दुपारी दुकानासमोर आसाराम आणि त्याच्यामागे केसरबाई. गाडीने नगर, तिथून रेल्वे, स्टेशनापासून पायी. तेच हिरवे लुगडे, आता मळलेले. मावससासूबाईंनी पत्ता दिला.

मी खुलासा करायला सुरुवात केली. केसरबाईने मान हलवली. म्हणाली, "तुमी अमीन न्हाई त्ये कळलं मला, सरकार. आसारामानं सांगितलं. पर काच तर खरी हाय ना?"

खरा अमीन येऊन बसला आहे. पाटलाचे दहा साक्षीदार, हिचा एकही नाही. अमीन भला माणूस दिसतो. म्हणाला, बाई, दगड पूर्वी लिंबाखाली होता असे काचेवर दिसत असेल तर आण, मी बघतो. आठ दिवसांची मुदत. आज चौथा दिवस.

घरी जाऊन प्लेट नंबर बावीस आणली. दुसरे काय करणार? आसारामने ती उजेडाला धरली. लिंब होता, बाई होती, बाईचा हात होता. हाताखालच्या भोकातून समोरच्या रस्त्यावरचा टांगा दिसत होता.

केसरबाईला काचेतले कळेना. मग तिची नजर भिंतीवरच्या चित्राकडे गेली. उठून जवळ गेली. स्वतःला ओळखले, लिंब ओळखला. बराच वेळ पाहत राहिली. मग विचारले, "आन् दगुड कुठं हाय?"

मी मोर दाखवला.

तिने मोरावर बोट ठेवले. वहीतल्या अक्षरांवर ठेवले होते तसेच. म्हणाली, "मोर लई ग्वाड काढला, सरकार." पदर सावरला आणि पायरी उतरली. आसारामने काच माझ्या हातात परत दिली आणि तिच्यामागे निघाला.

मी त्यांना चहा विचारायला हवा होता. पण तोवर ती दोघे कोपऱ्यावर पोचली होती. हाक मारली नाही, कारण काय म्हणून मारायची ते सुचेना.

९ मार्च, सकाळी

पाचला उठलो. झोपच नव्हती.

दुकान उघडले. चित्र उतरवून माळ्यावर ठेवणार होतो. सासरे म्हणाले, राहू दे, मोरछाप नाव चांगले आहे. राहू दिले.

आज शिंका आल्या नाहीत. फक्त डोळ्यांना पाणी येत होते. नवख्या माणसाला तपकिरीने सुरुवातीला असे होते म्हणतात.